आशीर्वादाच्या वेळचे हात

उसाच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. सकाळी दार उघडलं की रस्त्यावर पाचटाचे तुकडे पडलेले असतात आणि नाक्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर, एस.टी. यांचा गुंता होऊन माणसं एकमेकांवर ओरडत असतात. कोल्हापुरात थंडी अशीच येते, आरडाओरडा करत. दुपारनंतर वारा फिरला की नदीकडच्या गुऱ्हाळांवरून उकळत्या रसाचा वास येतो. गोड, जरासा जळका, जरासा धुरकट. मी खिडकी लावून घेते. थोड्या वेळाने उठून उघडते. मग पुन्हा लावते.

तुम्हां मुलांना गुऱ्हाळ आठवतं की नाही, कोण जाणे. ऊस पिळायचा, त्याचा रस मोठ्या पसरट काहिलीत उकळायचा आणि त्याचा गूळ करायचा, ती जागा म्हणजे गुऱ्हाळ. दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं आणि उन्हाळा लागला की बंद. तेवढे महिने आमच्या गावाची हवाच गोड होते. पण मला या हंगामात चैन पडत नाही. का पडत नाही, ते लिहून काढावं म्हणून बसले आहे. तुमची आई म्हणते की तुम्हांला मराठी वाचता येतं, पण हळू. हळूच वाचा. मीही हळूच लिहिणार आहे.

निमित्त निशूचं. गेल्या रविवारी फोनवर त्याने विचारलं, "आजी, आजोबांनी चर्चचं काम सोडल्यावर ते रविवारी काय करायचे?" शाळेत आजोबांच्या कामावर लिहायचं होतं म्हणे. लाइन खरखरत होती, मागे तुमची आई "लवकर बोल" म्हणत होती. मी म्हटलं, "आराम करायचे, बाळा." फोन ठेवला आणि तेव्हापासून तो शब्द माझ्या मागे लागला आहे. आराम! ज्या माणसाला खुर्चीत सुद्धा दोन्ही पाय एकदम टेकवून बसता आलं नाही, त्याच्याबद्दल मी तुला हे सांगितलं.

तुमचे आजोबा पाळक होते. लग्नं लावायची, बाळांना बाप्तिस्मा द्यायचा, माणसं पुरायची, भावाभावांची भांडणं सोडवायची, देवळाचं छप्पर गळलं तर गवंडी शोधायचा. (आम्ही जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो.) पण कुणी विचारलं तर ते स्वतःला उपदेशक म्हणत. बाकीचं सगळं ते मनापासून करत. बोलायला उभे राहिले की मात्र वेगळे दिसत. आमच्या देवळात लाउडस्पीकर नव्हता आणि ह्यांना तो कधी लागलाही नाही. आवाज ओरडल्यासारखा नव्हता. विहिरीत बादली सोडताना रहाट कसा घुमतो, तसा खालून यायचा आणि शेवटच्या बाकापर्यंत जाऊन भिंतीला टेकायचा.

एकदा पावसाळ्यात कुरुंदवाडच्या बाजूला उपासना होती. कृष्णा पात्र सोडून शेतात शिरली होती. हे नावेतून पलीकडे गेले, तर समोर दोन म्हाताऱ्या आणि ह्यांना सोडायला आलेला नावाडी, एवढीच मंडळी. ह्यांनी पूर्ण उपदेश केला, एक वाक्य कमी न करता. परत आल्यावर मी म्हटलं, "तेवढ्या तिघांसाठी थोडक्यात आटपायचं ना." ओलं धोतर पिळता पिळता म्हणाले, "तिघं असोत नाहीतर तीनशे, आवाज तेवढाच लागतो."

त्या आवाजाची शनिवारची गोष्ट फक्त मला माहीत आहे. शनिवारी दुपारी चहा झाला की मी स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकून तांदूळ निवडायला बसायची. सूप मांडीवर. हे पडवीत येरझाऱ्या घालत दुसऱ्या दिवशीचा उपदेश मला ऐकवायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, इंग्रजी पुस्तकांतलं वाचून आठवडाभर त्यांना सांगायची. ते तो ऐवज आपल्या मातीत आणून टाकायचे. विलायतेतल्या धर्मपंडिताचा सभ्य मेंढपाळ ह्यांच्या तोंडून बाहेर पडे तो घोंगडं पांघरून, बिडी ओढत आणि मेंढराला दोन शिव्या हासडत.

मी कधी बरं-वाईट बोलले नाही. पण न बोलता एक रीत पडून गेली होती. मी खडे वेचत राहिले तर मुद्दा लांबला आहे असं ते समजत आणि पुढे सरकत. माझे हात थांबले, मी सूप मांडीवरून खाली ठेवलं, की मुद्दा बसला. एखाद्या शनिवारी सूप खाली ठेवलंच जात नसे. त्या रात्री ह्यांना जेवण गोड लागत नसे, आणि आमटीला मीठ कमी पडलं असं मला ऐकावं लागे.

आमच्यात रीत आहे की सेवानिवृत्त पाळकाने ते गाव सोडावं. नव्या माणसाला मंडळी, म्हणजे देवळाची माणसं, मोकळी मिळाली पाहिजे. चांगली रीत आहे. पण माझी शाळेतली काही वर्षं शिल्लक होती, तुमच्या आईचं कॉलेज चालू होतं. म्हणून पाळकाचा बंगला सोडून आम्ही बावड्याच्या वाटेवर हौसाक्कांच्या घरात दोन खोल्या आणि ओसरी भाड्याने घेतली आणि कोल्हापुरातच राहिलो. हौसाक्का शेतकरी घरातल्या, मागे त्यांचा ऊस आणि त्यांचंच गुऱ्हाळ. सामान उतरवताना त्यांनी पुस्तकांच्या पेट्या बघितल्या आणि म्हणाल्या, "एवढं वाचून सायब दमलं न्हाईत व्हय?"

पावसाळा संपता संपता ह्यांचा निरोप समारंभ झाला होता. शाल, नारळ, फोटो, भाषणं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं देवळाच्या दारात उभे राहिलो आणि तिथेच अडलो. आमच्या देवळात डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. माझी जागा बायकांत पुढे, ठरलेली. ह्यांची जागा आयुष्यभर वर, लोकांकडे तोंड करून. त्या देवळात आपण बसायचं कुठे, हा प्रश्न ह्यांना कधी पडलाच नव्हता. बाकं घराघरांची ठरलेली असतात. कुणाच्या तरी आजोबांची जागा घेतल्याशिवाय पुढे बसता येत नाही. हे एकदा पुढे गेले, परत मागे आले आणि शेवटी छत्र्यांच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या बाकावर बसले. ते बाक उशिरा येणाऱ्यांचं आणि डुलक्या काढणाऱ्यांचं.

तिथे यशवंता होता. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत रात्रपाळी करून तो तसाच थेट देवळात येई, जेवणाचा डबा पायाशी ठेवून झोपी जाई. हे वरून त्याला किती वेळा टोचून बोलले होते! त्याने सरकून जागा केली आणि म्हणाला, "बसा सायब. आता कळंल, हितं झोप का लागतीया ते."

नवे पाळक थोरात, नगरकडचे, तरुण, नुकतीच पहिली मुलगी झालेली. अभ्यासू मुलगा. पण आवाज पातळ, अर्ध्या देवळातच विरून जाणारा. त्या दिवशी ते बोलले ते चांगलं बोलले. मग शेवटचं गीत झालं, सगळे उभे राहिले, डोळे मिटले, माना खाली घातल्या. आता पाळकाने दोन्ही हात पुढे उंचावून मंडळीला आशीर्वाद द्यायचा आणि लोकांनी आमेन म्हणून घरी जायचं. तो आशीर्वाद देण्याचा मान त्या मंडळीच्या पाळकाचा, इतर कुणाचा नाही. थोरातांनी सुरुवात केली. आणि माझ्या पाठीमागून, छत्र्यांच्या कोपऱ्यातून, तो रहाटाचा आवाज उठला.

मी डोळे उघडले नाहीत. उघडायची हिंमत झाली नाही. तेच शब्द, तीच लय. थोरातांचा आवाज त्याच्याखाली कुठे गेला ते कळलंही नाही. देवळाने आमेन म्हटलं ते ह्यांच्या आवाजाला.

दारात थोरातांनी हात पुढे केला. "आशीर्वादाबद्दल आभार, सर." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी येताना मी मनाशी म्हटलं, एकदा झालं, होतं असं. पुढच्या रविवारी पुन्हा झालं, आणि हातही वर जातात असं मागच्या बाकावरच्या बायकांनी सांगितलं. तेव्हा रंकाळ्याच्या कडेने चालता चालता मी म्हटलं, "अहो, तुम्ही हात वर करता."

"कुठे?"

"देवळात. आशीर्वादाला. आणि मोठ्याने म्हणता."

"मी?" ते थांबलेच. खरोखरच त्यांना ठाऊक नव्हतं. आपण चालताना हात हलवतो ते आपल्याला कुठे ठाऊक असतं? तिसऱ्या रविवारी त्यांचे हात वर गेले आणि अर्ध्या वाटेवर त्यांचे त्यांनाच दिसले. यशवंताने मला नंतर सांगितलं, "सायब हाताकडं असं बघत हुतं, बाई, जनू दुसऱ्याचंच हात हाईत." पण आवाज तोवर निघून गेला होता. निघालेला आवाज परत कसा घ्यायचा?

आणि आता लोक त्याची वाट पाहू लागले होते. बायका बाहेर पडताना म्हणत, "शेवट गोड झाला." चूक हळूहळू चालीरीत होऊ लागली की तिला कुणी चूक म्हणत नाही. थोरातांचं पाळकपण रविवारी सकाळी सुरू व्हायचं आणि आशीर्वादाच्या क्षणी ह्यांच्याकडे परत यायचं.

एकदा लक्ष्मीपुरीच्या बाजारात मी वांगी घेत होते. मागून कुणी हाक मारली, "पाळकीणबाई!" मी वळले. पलीकडे कडेवर मूल घेऊन थोरातांची शीला उभी होती, तीही वळली होती. हाक तिला होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, आणि घरी येईपर्यंत वांग्यांची पिशवी माझ्या हाताला जड लागत राहिली. जागा एकट्या ह्यांचीच गेली नव्हती.

त्याच आठवड्यात शीला घरी आली. बाळ पायावर झोपवून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "बाई, एक सांगू? रागावू नका. आमचे हे रविवारी दुपारी जेवत नाहीत."

"का गं?"

"म्हणतात, आशीर्वादच माझा पोचत नाही. तो नाही पोचला, तर बाकीचं काय पोचलं असेल?"

ओसरीतून ह्यांच्या येरझाऱ्यांचा आवाज येत होता. येरझाऱ्या थांबल्या, तेव्हा मला कळलं की ह्यांनी ऐकलं.

त्या दिवसांत संध्याकाळी हे मागच्या गुऱ्हाळावर जाऊन बसायचे. रस काढून उरलेल्या चिपाडांच्या ढिगावर, रसाच्या वाफेत. काहिलीभोवती माणसं बोलत, हे ऐकत. एकदा हौसाक्कांचे मालक म्हणाले, "सायब, तुमी बोलनारं मानूस. गप का? बोला की कायतरी."

"काय बोलू?"

"ऊस कसा हाय ते बोला."

ह्यांनी तोंड उघडलं आणि काही सुचेना. सगळे खो खो हसले, हेही हसले. रात्री जेवताना मला म्हणाले, "इतकं बोललो आयुष्यभर. कुठे गेलं गं ते सगळं? भिंतींनी तरी ठेवलं असेल का?" मी म्हटलं, "यशवंताला विचारा." मी सहज म्हटलं होतं. पण त्यांनी पुढच्या रविवारी खरंच विचारलं: माझा एखादा उपदेश आठवतो का तुला? यशवंताने प्रामाणिकपणे डोकं खाजवलं. "न्हाई सायब. पर झोपंत तुमचा आवाज यायचा बगा. वाटायचं, सायब बोलत्यात, म्हंजी सगळं ठीक चाललंय. मग लई गाड झोप लागायची."

हे ऐकून तुमचे आजोबा आनंदी झाले की दुखावले, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मला वाटतं त्यांनाही कळलं नव्हतं. दोन दिवस ते वाक्य घेऊन घरभर फिरत होते.

मग एका संध्याकाळी भास्करराव आले, मंडळीच्या पंचांमधले सगळ्यात जुने, आणि त्यांच्याबरोबर आणखी काही माणसं. चहा झाला. भास्करराव म्हणाले, "साहेब, स्पष्ट बोलतो. त्या पोराच्या आशीर्वादाने आमचा आठवडा सुरू होत नाही. रविवारी संध्याकाळी इथे ओसरीत जमू. तुम्ही फक्त बोला. सतरंज्या आम्ही आणतो."

"आणि देऊळ?" ह्यांनी विचारलं.

"देऊळ कुठे पळून चाललंय? ज्याला जायचं त्याने जावं."

हे म्हणाले, "बघू." नाही म्हणाले नाहीत. मी आतून ऐकत होते. मंडळी कशी फुटते ते मी माहेरी लहानपणी पाहिलं होतं. पहिल्यांदा फक्त सतरंज्या वेगळ्या होतात. मग लग्नं वेगळी होतात, शेवटी माती द्यायलाही माणसं जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाक्का गोठ्यातूनच ओरडल्या, "काय वो बाई, सायबांनी दुसरं देऊळ काडलं म्हनं?"

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? काल ती मानसं वसरी मापत हुती की पावलांनी!"

आणि त्या शनिवारी, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, चहा झाल्यावर हे पडवीत उपदेश म्हणत चालायचे तसे ओसरीत चालू लागले. त्या पावलांचा ठेका मला ओळखीचा होता. मी सूप घेऊन बसले. इतके शनिवार मी बसतच होते, पण समोर उपदेश नव्हता. तांदूळ निवडून संपायचा आणि मी निवडलेलाच पुन्हा निवडायची.

ते बोलू लागले. गुऱ्हाळाबद्दल बोलले. काहिलीपाशी उजेड असतो, वाफ असते, माणसं असतात, गूळ झाला की लहान मुलं हात पसरून येतात. पण काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी, पलीकडे खड्ड्यात, एक माणूस चिपाडं सारत बसलेला असतो. त्याला काहील दिसत नाही. रस उकळतो आहे की उतू जातो आहे, त्याला कळत नाही. तो नुसतं खालून विचारतो, "झालं का?" आणि वरून कुणीतरी ओरडतं, "घाल अजून!" माणसाला आयुष्यभर वर काहिलीपाशी उभं केलं आणि म्हातारपणी त्या खड्ड्यात नेऊन बसवलं, तर त्याने काय करावं? वर चढून यावं, की जाळ घालावा?

माझे हात थांबले होते. सूप केव्हा खाली ठेवलं ते मला आठवत नाही.

हे चालायचे थांबले. सुपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बसला?"

इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "बसला. असा कधी बसला नव्हता."

"आणि हा मी ओसरीत सांगायचा? वर चढून येऊन?"

मग मात्र त्यांचा आवाज चढला. "मग काय करू मी? सांग ना. ह्या आवाजाचं काय करू? शाल देताना कुणी सांगितलं का, की हा कुठे ठेवायचा? हात बांधून ठेवले तरी तोंड उघडतं. तोंड मिटलं तर हात वर जातात!"

ते येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसले, सूप आपल्याकडे ओढलं आणि तांदूळ निवडायला लागले. वाईट निवडत होते, खडे ठेवून तांदूळच टाकत होते. रात्र व्हायच्या आत सायकल काढून भास्कररावांकडे गेले आणि सतरंज्या आणू नका म्हणून सांगून आले. भास्करराव त्यानंतर बरीच वर्षं आमच्याशी बोलले नाहीत. तेही आजोबांच्या हिशेबात धर, निशू, कामावर लिहिणार असशील तर.

जानेवारीत हंगामाचा सण आला. आमच्या देवळात तेव्हा प्रत्येक घर आपल्या कामाचं, आपल्या शेतातलं काही ना काही आणून पुढे वाहतं. खांबांना ऊस बांधलेले, शेंगांच्या माळा, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी. इचलकरंजीच्या एका मागवाल्याने नव्या कापडाचं ठाण आणलं होतं. आमच्याकडे ना शेत ना माग. आदल्या संध्याकाळी हौसाक्का चरवीभर काकवी घेऊन आल्या. गूळ व्हायच्या आधीचा तो दाट, सोनेरी रस. तोंडाला केळीचं पान बांधलेलं. "न्ह्या तुमच्या देवाला. आमच्या गुऱ्हाळाची चव बगू दे त्यालाबी."

चरवी गोल बुडाची, खाली ठेवली की कलंडणारी. हे ती दोन्ही हातांत धरूनच चालत देवळात आले आणि आपल्या शेवटच्या बाकावर बसले.

उपासना सुरू झाली. देणग्या वाहायची वेळ आली, घरंच्या घरं उठून पुढे गेली, टोपल्या, घमेली, पोती. मी मागे वळून पाहिलं. हे बसूनच होते. यशवंता त्यांना कोपर मारून म्हणत होता, "सायब, जावा की पुढं." ह्यांनी नुसती मान हलवली. मला काही समजेना. सगळ्यांचं वाहून झालं, थोरातांनी आभार मानले, उपदेश केला, शेवटचं गीत झालं. सगळे उभे राहिले. चरवी ह्यांच्याच हातांत.

आयुष्यात पहिल्यांदा मी आशीर्वादाच्या वेळी डोळे उघडे ठेवले आणि पुढे पाठ करून, ह्यांच्याकडे बघत उभी राहिले. थोरातांचे पहिले शब्द आले. ह्यांनी चरवी छातीशी धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती, पानाखालून काकवी ओघळून अंगठ्यावर आली होती. ओठ असे मिटलेले, जसे आपण दुखऱ्या दाताभोवती मिटतो.

थोरात अडखळले. थांबले. ते त्या दुसऱ्या आवाजाची वाट पाहत होते. सगळं देऊळच वाट पाहत होतं. माना खाली, डोळे मिटलेले, आणि कुठूनच काही येत नव्हतं. पुढे ठेवलेली कोंबडी तेवढ्यात कॉक करून ओरडली. मग तो पातळ आवाज पुन्हा निघाला. जरा कापत. बाकांवरून सरकत सरकत, खांबाच्या उसांमधून, माझ्या खांद्यावरून, तो छत्र्यांच्या कोपऱ्यापर्यंत गेला. मी त्याला जाताना पाहिलं म्हणा ना.

आमेन सगळ्यांनी म्हटलं. सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात मोठं आमेन शेवटच्या बाकावरून आलं.

मग हे चरवी घेऊन एकटेच पुढे गेले. म्हणाले, "उशीर झाला. सलाम, पाळकसाहेब." तोवर ते त्यांना नुसतं थोरात म्हणत. थोरातांनी दोन्ही हातांनी चरवी घेतली, पान निसटलं आणि काकवी त्यांच्या पांढऱ्या झग्यावर सांडली. शीला "अगं बाई!" म्हणून धावली. मुंग्यांनी तो झगा पुढे कितीतरी दिवस सोडला नाही म्हणे.

इथे थांबले असते तर ही गोष्ट नीट झाली असती. पण तसं झालं नाही. पुढचा रविवार आला आणि हात पुन्हा मोकळे होते. मी शेवटच्या गीतापासून पाठीमागे कान लावून बसलेली. त्या दिवशी ह्यांनी यशवंताचा डबा उचलून धरला. त्यापुढच्या रविवारी छत्री. मग एकदा शीलाच शेवटच्या बाकापाशी गेली आणि काही न बोलता आपली मुलगी ह्यांच्या हातांत दिली. तिथून ती रीत पडली. ज्या घरात तान्हं मूल असेल, त्या घरची बाई शेवटचं गीत सुरू झालं की मागे जाऊन मूल आजोबांकडे देई. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला मुलांची हौस. खरं काय ते शीलाला आणि मला ठाऊक.

अस्वस्थपणा गेला नाही. शनिवारी ते माझ्याबरोबर तांदूळ निवडत, आणि मधेच मान वर करून विचारत, "उद्या पाळकसाहेब काय बोलतील गं?" आवाज होता तसाच शेवटपर्यंत राहिला. घरात त्याला जागा पुरत नसे. भाजीवाल्याला हाक मारली तरी गल्लीतली कुत्री उठून उभी राहत.

आता ते नाहीत. हल्ली तांदूळ दुकानातूनच निवडलेला येतो. तरी शनिवारी चहा झाला की मी सूप घेऊन बसते, खडा सापडत नाही, आणि वाऱ्यावरून तो वास आला की उठून खिडकी लावते.

निशू, तू विचारलंस, रविवारी ते काय करायचे. तू सहा महिन्यांचा होतास तेव्हा तुझी आई तुला घेऊन इथे आली होती. त्या हिवाळ्यात प्रत्येक रविवारी, शेवटच्या गीतानंतर, छत्र्यांच्या कोपऱ्यात तू त्यांच्या हातांत असायचास. थोरातांनी आशीर्वाद सुरू केला की त्यांची पकड घट्ट व्हायची, इतकी की तू कळवळून रडायला लागायचास. आई धावायची, पण ते तुला सोडायचे नाहीत. तुझं रडणं चालू असतानाच देऊळ आमेन म्हणायचं, आणि मगच त्यांचे हात सैल व्हायचे.